वादाला पत्रांचा ढीग, कौतुकाला सामसूम

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

खानदेशातून आलेल्या बऱ्याच पत्रांत सध्या एकच दुखणं वेगवेगळ्या शब्दांत दिसतं. कुणाचं चांगलं सांगितलं की लोक गप्प बसतात, आणि वादाची ठिणगी पडली की सगळ्यांना कंठ फुटतो. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. मजकूर आटोपशीर केला आहे, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचं तालुक्यापुरतं पाक्षिक आहे. एका अंकात बचत गटाच्या बायकांनी पापड-कुरडयांचा धंदा कसा उभा केला यावर दोन पानं दिली. एकही पत्र आलं नाही. त्याच अंकात पाककृतीच्या चौकटीत भरितात टोमॅटो घालायला सांगितलं होतं. त्यावर पत्रं आली, फोन आले, लोकांनी बाजारात गाठून सुनावलं. मग चांगलं छापून उपयोग काय? (चोपडा)

उत्तर : भाऊ, आधी त्या टोमॅटोकडेच नीट पाहू. भरीत खानदेशातल्या घराघरांत होतं. बामणोदकडची हिरवट-पांढरी वांगी, ती काड्यांवर भाजणं, लाकडी बडगीत ठेचणं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात हे सगळं तुमच्या वाचकाला पाठ आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यात अभिमानही मिसळला आहे. अशा माणसासमोर टोमॅटो आला. चूक डोळ्यांत भरणारी होती, एका वाक्यात दुरुस्त होणारी होती, आणि आपण बोललो नाही तर उद्या लोक हेच खरं मानतील अशी धास्तीही होती. पत्र लिहायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता बचत गटाची दोन पानं घ्या. वाचकाने ती वाचली, त्याला बरं वाटलं. पुढे त्याने लिहायचं काय? ‘छान काम’ हे दोन शब्द पोस्टाने पाठवायला कुणी बसत नाही. सहमत असलेल्या माणसाला भर घालायला जागाच उरत नाही, म्हणून तो मान डोलावतो आणि पान उलटतो. त्याची मान तुम्हाला दिसत नाही. बाजारात गाठणारा मात्र दिसतो.

वाईटाकडे लक्ष आधी जातं हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तोवरचं बरंच संशोधन एकत्र करून दाखवलं की टीका, नुकसान, दुखावलं जाणं यांचा ठसा तेवढ्याच मापाच्या कौतुकापेक्षा आणि लाभापेक्षा खोल उमटतो. शेतात दोरीला साप समजलं तर क्षणभर दचकायला होतं, पण सापाला दोरी समजलं तर जीवावर बेततं. हजारो पिढ्या याच हिशेबाने जगल्यावर नजर आधी धोक्याकडे वळणारच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह १७ देशांतल्या १,१५६ लोकांना बातम्या दाखवून त्यांच्या त्वचेतला आणि हृदयाच्या ठोक्यांतला बदल मोजला होता. सरासरीने वाईट बातमीला शरीर जास्त जागं झालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फार कमी वेळा सांगितली जाते: माणसामाणसांत फरक मोठा होता, आणि बऱ्याच जणांत असा कल दिसलाच नाही. तेव्हा ‘लोकांना वाईटच हवं असतं’ असं धरून अंक काढू नका.

शिवाय लक्ष जाणं वेगळं आणि लेखणी उचलणं वेगळं. लेखणी उचलायला वाचकाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही हवं, आणि ते आत्ताच सांगायला हवं असं वाटायला हवं. वाद या दोन्ही गोष्टी फुकट देतो. प्रोत्साहनाच्या लेखात त्या आपण मुद्दाम ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा नेमक्या त्याच काढून टाकल्या जातात.

तुमच्याच लेखाचं बघा. कुरडईसाठी गहू ३ दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायचा. चीक कच्चा राहिला तर कुरडई तळताना फुलत नाही. पाणी बदलायचं राहिलं तर आंबूस वास धरते. ऐन उन्हाळ्यात दोन दिवस आभाळ आलं तर सगळी खेप वाया जाते. गटाच्या बायकांनी यातलं सगळं सोसलेलं असतं. पण लेखात येतं ते ‘अथक परिश्रम’ आणि ‘जिद्द’. ज्या बाईने ४० वर्षं अंगणात कुरडया घातल्या, तिला ‘जिद्द’ या शब्दावर काही म्हणायचं नसतं. आभाळ आल्यावर ओल्या कुरड्यांचं काय करायचं, यावर मात्र ती पानभर सांगेल.

म्हणून पुढच्या वेळी असं करून पाहा. लेखातली विशेषणं काढा आणि त्या जागी दोन अडचणी घाला: एक सुटलेली, एक अजून न सुटलेली. न सुटलेली अडचण लेखाच्या शेवटी चौकटीत, एकाच प्रश्नाच्या रूपात द्या: ‘ढगाळ हवेत कुरडया वाळवायला तुमच्याकडे काय करतात?’ प्रश्न एकच हवा, तीन विचारले की वाचक एकाचंही उत्तर देत नाही. ‘आपलं मत कळवा’ हा प्रश्नच नव्हे. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत आणि कुठे पाठवायचं ते तिथेच लिहा. आलेली उत्तरं लगेचच्या अंकात गावाच्या नावासह छापा. एक अंक मध्ये गेला तरी धागा तुटतो, आणि पुन्हा कुणी लिहीत नाही. पहिल्या वेळी चार-पाचच उत्तरं आली तर खचू नका. ती छापलेली दिसली की पुढच्या वेळची वाढतात.

पत्रं यावीत म्हणून मुद्दाम चूक सोडायचा मोह होईल. तो टाळा. जो वाचक चूक पकडतो तोच तुमचा सगळ्यात बारकाईने वाचणारा वाचक असतो, आणि त्याचाच विश्वास आधी उडतो.

प्रश्न : मग माणूस मुळात भांडखोरच आहे असं समजायचं का? (शिरपूर)

उत्तर : नाही. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या संशोधकांनी एका मोठ्या अमेरिकी दैनिकाचे ३ महिन्यांतले सुमारे ७,००० लेख तपासले, आणि कोणते लेख लोक आपणहून इतरांना जास्त पाठवतात ते पाहिलं. हा अभ्यास २०१२ चा. सकारात्मक लेख नकारात्मकांपेक्षा जास्त पाठवले गेले होते. राग आणि काळजी वाढवणारे लेखही पुष्कळ फिरले, पण थक्क करणारेही फिरले. दुःखाने मन खाली बसवणारे कमी फिरले. म्हणजे भेद चांगल्या-वाईटाचा कमी आणि मन उसळवणारं की निववणारं याचा जास्त. आपलं नेहमीचं प्रोत्साहन निववणारं असतं. ते वाचून समाधान होतं, आणि समाधानी माणूस जागेवरून उठत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांच्या यशाची बातमी टाकली की फक्त अंगठे येतात. गणवेशाच्या रंगाबद्दल एक ओळ टाकली तर साठ निरोप आले. पालकांना मुलांचं कौतुक नाही का? (शहादा)

उत्तर : ताई, कौतुक आहे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजता आहात. मान्य असेल तर अंगठा पुरतो. मान्य नसेल तर वाक्य लिहावं लागतं, त्याला दुसरा वाक्यानेच उत्तर देतो, आणि पहिल्याला पुन्हा खुलासा करावा लागतो. वाद स्वतःच्या पोटातून निरोप वाढवत नेतो. कौतुक पहिल्या फेरीतच पुरं होतं.

एकदा ते साठ निरोप उघडा आणि वहीत फक्त नावं लिहा. असे लांबलेले वाद बहुतेक वेळा सात-आठ जणांत चाललेले असतात, बाकीचे नुसते वाचतात. कौतुकाच्या निरोपावर अंगठे देणारे मात्र प्रत्येकी एकदाच मोजले जातात. निरोप न मोजता माणसं मोजलीत तर चित्र पुष्कळदा उलटं निघेल. ही मोजणी दहा मिनिटांची आहे, आणि मुख्याध्यापकांना दाखवायलाही उपयोगी पडते.

आता निरोप कसा लिहायचा ते. समजा मूळ निरोप असा आहे: ‘आपल्या शाळेच्या विद्यार्थिनींनी तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनात घवघवीत यश मिळवले. सर्वांचे हार्दिक अभिनंदन!’ यात पालकाला करण्यासारखं काहीच नाही. मुलींनी काय बनवलं हेसुद्धा कळत नाही.

तोच निरोप असा लिहून पाहा: ‘सातवीच्या चार मुलींनी ठिबकच्या १६ मिमी नळीचे जुने तुकडे जोडून बागेतल्या दहा झाडांना पाणी देणारी व्यवस्था केली. पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येतं, कॅन दीड मीटर उंचीवर ठेवला आहे. पहिल्या दोन वेळा जोडावरून गळत होतं, आता थांबलं. शेवटच्या तीन झाडांना मात्र पाणी कमी पोचतं. तुमच्या शेतात असं झालं तर तुम्ही काय करता? मुलींना शनिवारी सकाळी सांगायला कोण येईल? जुने ग्रोमेट, टेकऑफ आणि एंड कॅप असतील तर पाठवा.’

शहाद्याकडे ठिबक माहीत नसलेला शेतकरी सापडायचा नाही. एक म्हणेल कॅन अजून उंच ठेवा, दुसरा म्हणेल ड्रीपर चोंदले असतील, नळीचं टोक उघडून पाणी सोडा, तिसरा म्हणेल नळी मधूनच वळवून दोन्ही बाजूंनी पाणी द्या. यात थोडी वादावादी होईल. होऊ द्या, ती मुलींच्या कामाभोवतीच होईल. अभिनंदनाचा शब्द लिहायचाच असेल तर शेवटी लिहा, आणि मुलींनी नेमकं काय केलं त्याला धरून लिहा: ‘गळती दोनदा झाली तरी जोड सोडून पुन्हा बसवला, हे विशेष.’

निरोप केव्हा टाकता हेही पाहा. शेतीच्या घाईत सकाळी टाकलेला निरोप रात्रीपर्यंत वीस निरोपांखाली जातो. रात्री आठनंतर टाका, आणि त्या दिवशी दुसरी कुठलीही सूचना टाकू नका. फोटो एकच, आणि तोही कामाचा. बक्षीस घेताना रांगेत उभं राहिल्याचा फोटो टाकलात तर चर्चा कोण दिसतं आणि कोण नाही यावर जाईल. गणवेशासारख्या विषयावर गटात मत मागूच नये. तो पालकसभेत घ्यावा आणि गटावर फक्त ठरलेलं कळवावं.

प्रश्न : मी अहिराणीत कविता लिहिते. एका कवितेवर तीस जणींनी ‘भारी शे’ म्हटलं. एकाने सांगितलं की तिसऱ्या ओळीत चाल अडखळते. आठ दिवस तेवढंच डोक्यात आहे. (एरंडोल)

उत्तर : ताई, त्या तीस जणींनी मनापासून म्हटलं असेल, पण त्यांनी तुम्हाला माहिती दिली नाही. त्या एका माणसाने ओळ दाखवली. त्याचं बोलणं लक्षात राहिलं ते बोचलं म्हणूनही, आणि नेमकं होतं म्हणूनही. या दोन गोष्टी सुट्या केल्यात तर आठ दिवसांचं ओझं निम्मं होईल.

बोचण्याचं प्रमाण डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी पैशाच्या व्यवहारांत मोजलं होतं. १९९२ च्या त्यांच्या हिशेबात नुकसानाचं वजन तेवढ्याच लाभाच्या सव्वादोन पट निघालं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंच्या भांडणांचा अभ्यास केला. टिकलेल्या संसारांत भांडणाच्या वेळीसुद्धा एका कटू गोष्टीमागे साधारण ५ चांगल्या गोष्टी होत्या. हे आकडे कवितेला जसेच्या तसे लावू नका, ते त्यांच्या जागीच खरे. पण एका टोच्याने तीस शाबासक्या झाकल्या जाव्यात, यात तुमच्या मनाचा काही दुबळेपणा नाही.

करायचं असं. ती ओळ तुम्ही स्वतः मोठ्याने म्हणून पाहाल तर काही कळणार नाही, कारण चाल तुमच्या कानात बसलेली आहे. ज्यांनी कविता वाचलेली नाही अशा दोन बायकांना कागद द्या आणि न सांगता म्हणायला लावा. दोघी त्याच शब्दाशी थांबल्या तर एखादं अक्षर जास्त आहे किंवा जोडाक्षर नको तिथे आलं आहे. ओळ बदला. एकच थांबली किंवा कुणीच थांबलं नाही तर ओळ तशीच ठेवा, आणि विषय संपवा. मग तीसपैकी ज्या तिघी-चौघी जवळच्या असतील त्यांना विचारा, ‘कोणती ओळ?’ त्या जे शब्द उच्चारतील ते तारखेसह वहीत उतरवून ठेवा. नेमकं कौतुक टीकेइतकंच टिकतं. अडचण एवढीच की ते बहुधा मागून घ्यावं लागतं.

खानदेशाला तर नेमक्या कौतुकाने काय होतं हे ठाऊक आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपलेल्या त्यांच्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या. अत्रे नुसती वाहवा करून थांबले नाहीत. त्या छापल्या गेल्या पाहिजेत असा त्यांनी आग्रह धरला आणि १९५२ च्या संग्रहाला प्रस्तावना लिहून दिली. ते कौतुक कामाला लागलं, म्हणून आज आपल्या हातात त्या कविता आहेत.

प्रश्न : आमच्या केळी उत्पादक गटाच्या सभेत शीतगृहाचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. कुणी ब्र काढला नाही. चहा-नाश्त्याच्या बिलावर मात्र तासभर भांडण. खजिनदार नाराज होऊन निघून गेले. (रावेर)

उत्तर : ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका कल्पित समितीचं उदाहरण दिलं होतं. त्या समितीने अणुभट्टीला अडीच मिनिटांत मंजुरी दिली आणि सायकली ठेवायच्या शेडवर ४५ मिनिटं घालवली. अणुभट्टीबद्दल बोलायला गेलं तर अज्ञान उघडं पडेल अशी भीती, आणि शेड मात्र प्रत्येकाला कळते. तुमच्या सभेत तेच झालं. चहाचा दर सगळ्यांना पाठ आहे. तिथे बोलणारा माणूस खोडसाळ असेलच असं नाही. आपण सभेला आलो, काही कामाचं बोललो, एवढं समाधान त्याला हवं असतं आणि ते मिळण्याची एकच जागा त्याला दिसते.

ती जागा शीतगृहाच्या ठरावात करून द्या. सभेच्या आठ दिवस आधी एकपानी टिपण वाटा. तांत्रिक वर्णन दोन ओळींत उरका आणि खाली ज्यांचं उत्तर केळीवाला देऊ शकेल असे प्रश्न लिहा. केळी साठवणीत १३ ते १४ अंशांना ठेवतात. त्याखाली तापमान गेलं तर साल करडी-काळपट पडते आणि पिकवताना पिवळा रंग नीट येत नाही. एवढं सांगितलं की सभासद स्वतःच विचारायला लागतो: वीज सहा तास गेली तर खोली किती तापेल? जनरेटरच्या डिझेलचा खर्च कुणाच्या माथी? थंडीत माल बागेतच गारठून आला तर तो घ्यायचा की नाही, आणि ठरवणार कोण? कर्जाचा हप्ता फिटायला रोज किमान किती क्विंटल माल यायला हवा, आणि तेवढा कोणत्या महिन्यांत येत नाही? या प्रश्नांवर तासभर भांडण झालं तर तो तास गटाच्या कामी आला.

सभेत मोठा विषय पहिला घ्या. पहिली पाच मिनिटं कुणीच बोलू नये, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक शंका लिहावी. न लिहिणाऱ्यांसाठी शेजाऱ्याने लिहावी. चिठ्ठ्या अध्यक्षांनी वाचून दाखवाव्यात. नाव नसल्याने अज्ञान उघडं पडायची भीती जाते. गटातले जाणते लोक शेवटी बोलतील असं आधीच ठरवा, नाहीतर त्यांच्या पहिल्या वाक्यानंतर बाकीचे गप्प होतात. चहा-नाश्त्यासाठी वर्षाची मर्यादा एकदाच ठरवून टाका. बिल त्या मर्यादेत असेल तर ते फक्त वाचून दाखवायचं, चर्चेला घ्यायचं नाही.

आणि खजिनदारांच्या घरी जा. बिनपगारी हिशेब ठेवणाऱ्या माणसाला वर्षभर कुणी काही म्हणत नाही, आणि एका संध्याकाळी सगळे बोलतात. हे फार लागतं. त्यांनी वर्षभरात काय सांभाळलं ते पुढच्या सभेच्या इतिवृत्तात आकड्यांसह लिहा: किती नोंदी, किती वसुली, हिशेब तपासणीत किती आक्षेप.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानांना पंधरा-वीस लोक येतात. काही तरुण म्हणतात, वादग्रस्त विषय ठेवा, सभागृह भरेल. ठेवावेत का? (धुळे)

उत्तर : वादाचा विषय ठेवा, वादग्रस्त माणूस ठेवू नका. या दोन्हींनी गर्दी होते, पण माणसावर भरवलेली गर्दी दुसऱ्या व्याख्यानाला येत नाही. ती त्या माणसाच्या बाजूने किंवा त्याच्यावर तोंडसुख घ्यायला आलेली असते. समाजमाध्यमांवरच्या लाखो संदेशांचा २०१७ साली अभ्यास झाला. नीती आणि भावना एकत्र चेतवणारा एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता, पण हा प्रसार मुख्यतः आपापल्या गटातच होत होता. पलीकडच्यांपर्यंत फारसं काही पोचत नव्हतं. फेसबुकनेही २०१७ पासून रागाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिलं होतं. २०२० मध्ये ते वजन शून्यावर आणावं लागलं, कारण रागाच्या खुणा जास्त पडणाऱ्या मजकुरात खोट्या आणि विखारी गोष्टींचं प्रमाण जास्त निघालं. तुमच्या वाचनालयाला हा प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.

विषय निवडताना एकच कसोटी लावा: पुरावा समोर आल्यावर ऐकणाऱ्याचं मत बदलू शकतं का? ‘पहिली-दुसरीत अहिराणीतून शिकवावं का’ हा विषय त्या कसोटीला उतरतो. त्यात घरोघरी मत आहे, शिक्षकांचा अनुभव आहे, आणि कुणाचीही जात किंवा नाव मध्ये येत नाही.

कार्यक्रम ९० मिनिटांचा आखा. दोन वक्ते, प्रत्येकी १५ मिनिटं. नंतर प्रत्येकाला ५ मिनिटं, पण त्यात त्याने समोरच्याचा सगळ्यात बळकट मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायचा, आणि तो बरोबर सांगितला की नाही हे समोरच्याने म्हणायचं. हाच भाग लोकांना सगळ्यात आवडतो, आणि वक्त्यांना सगळ्यात अवघड जातो, म्हणून त्यांना आधी कळवून ठेवा. मग ४० मिनिटं प्रश्नांसाठी, तेही चिठ्ठीवर. माईक फिरवलात तर प्रश्नाचं भाषण होतं आणि चार लोक वेळ खातात. उरलेली १० मिनिटं मतमोजणीला: येताना प्रत्येकाकडून ‘हो’, ‘नाही’, ‘ठरलं नाही’ यांपैकी एक चिठ्ठी घ्या, जाताना पुन्हा घ्या, आणि फरक फळ्यावर मांडा. अध्यक्ष असा निवडा की ज्याने या विषयावर गावात कधी बाजू घेतलेली नाही. फलकावर ‘खडाजंगी’, ‘सामना’ असले शब्द नकोत. तसं वाचून आलेले लोक तेच करायला येतात.

प्रश्न : आमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंनी माझ्या सुनेचं बाळंतपण फार सांभाळून केलं. दोन ओळी लिहून द्याव्या असं वाटतं, पण उगाच वाटेल, त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून राहून जातं. तक्रार असती तर एव्हाना दिली असती. (पारोळा)

उत्तर : काकू, लिहा, आणि या आठवड्यातच लिहा. तुम्हाला वाटतं ती अडचण अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासली होती. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, आणि मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज आधी विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळणाऱ्यांना आनंद जास्त झाला, अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणारा आपले शब्द बरोबर जमले का यात अडकतो. वाचणाऱ्याला त्यातली आपुलकी आधी दिसते.

पत्र अर्ध्या पानाचं पुरे. तारीख, बाळंतपणाचा दिवस आणि वेळ लिहा. ‘खूप चांगली सेवा दिली’ हे वाक्य टाळा, त्याऐवजी त्यांनी केलेल्या दोन गोष्टी लिहा: रक्तदाब किती वेळा पाहिला, रात्री पुन्हा केव्हा येऊन गेल्या, बाळाला पहिलं दूध पाजताना सुनेला कसं बसवलं. त्याने तुमच्या घरात काय फरक पडला ते एका ओळीत. सुनेची सही घ्या, तिची हरकत नाही ना तेही विचारा. पत्राच्या दोन प्रती करा. एक ताईंच्या हातात द्या, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात देऊन पोच घ्या. तक्रारीची पोच लोक आठवणीने घेतात. कौतुकाचीही घ्यावी, म्हणजे ते पत्र कार्यालयाच्या नोंदीत राहतं, आणि उद्या ताईंची बदली झाली तरी त्यांच्या कामाचा लेखी दाखला त्यांना मागता येतो. भेटवस्तू किंवा पैसे मात्र सोबत देऊ नका, त्याने ताईच अडचणीत येतील.